शाळेआधीची भाषा : चिलमार्कच्या मुलांच्या खुणांचा इतिहास

कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा इतिहास बहुतेक ग्रंथांत शाळांच्या स्थापनेपासून सुरू होतो, आणि त्यामुळे खुणांची भाषा ही कोणा विद्वान शिक्षकाने घडवून मुलांच्या हाती दिलेली वस्तू आहे असा समज नकळत पक्का होत जातो. प्रत्यक्षात जिथे बहिऱ्या माणसांची संख्या पुरेशी होती आणि ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सहवासात राहत होती, तिथे ही भाषा शाळेच्या कितीतरी आधी रुजली होती. काही थोड्या ठिकाणी तर ती बहिऱ्यांपुरती न राहता, ज्यांना उत्तम ऐकू येत होते अशा मुलांनीही लहानपणापासून उचलली होती. अशा ठिकाणांपैकी सर्वांत नीट अभ्यासले गेलेले ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यालगतचे मार्थाज विनयार्ड हे बेट आणि त्याच्या पश्चिम भागातले चिलमार्क हे गाव. या गावात सुमारे अडीचशे वर्षे खुणांची भाषा बोलली गेली. ती का आणि कशी टिकली, आणि कर्णबधिरांसाठी चांगली शाळा निघाल्यानंतरच तिला उतरती कळा कशी लागली, हा प्रश्न आजच्या शिक्षणव्यवहारालाही अडचणीत टाकणारा आहे.

पुढे जाण्यापूर्वी संज्ञांचा उलगडा करणे आवश्यक आहे. सांकेतिक भाषा म्हणजे पंजाचा आकार, तो शरीराच्या कोणत्या भागाजवळ धरला आहे ती जागा आणि त्याची हालचाल या घटकांच्या जुळणीतून शब्द घडवणारी, आणि चेहऱ्यावरचे भाव व नजर यांच्याकडे व्याकरणाचा बराच भार सोपवणारी स्वतंत्र भाषा होय. या घटकांची पद्धतशीर मांडणी विल्यम स्टोको या अमेरिकी अभ्यासकाने १९६० मध्ये केली. तोवर भाषाशास्त्राचे पंडितही या भाषेला हातवाऱ्यांचा पसारा समजत होते. ती जगभर एकच नाही: ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जात असली तरी तेथील सांकेतिक भाषा एकमेकींना परक्या आहेत. मराठीत तर या भाषेतून बोलण्याच्या क्रियेला धड क्रियापदही मिळालेले नाही. ‘खुणावणे’ या शब्दात बोलावण्याचा किंवा सूचक इशाऱ्याचा अर्थ आहे, ‘हातवारे करणे’ यात किंचित कुचेष्टा आहे, आणि ‘मूकबधिर’ या जोडशब्दाने तर ज्याला ऐकू येत नाही त्याला भाषाच नाही असा निकाल शाळेच्या पाटीवर लिहून टाकला आहे. त्यामुळे येथे ‘खुणांनी बोलणे’ असा काहीसा ओबडधोबड प्रयोगच चालवून घ्यावा लागतो.

मार्थाज विनयार्ड हे मूळचे वाम्पनोआग या मूलनिवासी लोकांचे बेट. १६४२ पासून इंग्रज वसाहतवाले तेथे राहू लागले, त्यांनी मेंढ्या पाळल्या, दगडाळ जमिनीत शेती केली आणि मासेमारी व देवमाशांची शिकार यांवर उपजीविका चालवली. १६९४ मध्ये जोनाथन लॅम्बर्ट हा सुतारकाम आणि शेती करणारा गृहस्थ केप कॉडहून आपल्या पत्नीसह बेटावर आला. पत्नीला ऐकू येत होते. तो स्वतः बहिरा होता, आणि त्यांच्या मुलांपैकी दोघे बहिरे निघाले. न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल यांनी १७१४ मध्ये या बेटाला भेट दिली तेव्हा आपल्या दैनंदिनीत लॅम्बर्टचा उल्लेख बहिरा आणि मुका म्हणून केला, आणि बेटावरील बहिरेपणाची ही पहिली लेखी नोंद ठरली. मात्र लॅम्बर्ट हा या गोष्टीचा एकमेव उगम नव्हता. बेटावरील पुष्कळ कुटुंबे इंग्लंडमधील केंट परगण्याच्या वील्ड नावाच्या प्रदेशातून निघून मॅसॅच्युसेट्सच्या सिच्युएट या वस्तीमार्गे येथे पोहोचली होती, आणि त्या कुटुंबांनी बहिरेपणाचे बीज आपल्या रक्तातून सोबत आणले असावे असे अनुमान अभ्यासकांनी काढले आहे. वील्डमध्येच खुणांची एखादी स्थानिक भाषा प्रचारात होती आणि तीच बेटावर उतरली, असेही मत मांडले गेले आहे. ते आकर्षक आहे, पण पुराव्याच्या दृष्टीने पहिल्या अनुमानाइतके भक्कम नाही.

बहिरेपणाचे हे बीज सुप्त स्वरूपाचे होते, आणि चिलमार्कची सारी कथा या एका जैविक तपशिलावर उभी आहे. सुप्त जनुक म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही मिळाल्याखेरीज ज्याचा परिणाम दिसत नाही असे आनुवंशिक बीज. ते एकाच पालकाकडून मिळाले तर मूल उत्तम ऐकते, पण ते बीज पुढच्या पिढीकडे सोपवत राहते. बेटावरची कुटुंबे थोडी, मुख्य भूमीशी दळणवळण कमी आणि सोयरिकी बहुतेक आपसांतल्याच, त्यामुळे काही पिढ्यांत हे बीज गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराण्यात पसरले. परिणामी ‘बहिऱ्यांचे घराणे’ आणि ‘ऐकणाऱ्यांचे घराणे’ अशी वाटणी झालीच नाही. ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी बहिरे मूल येई, त्याच्या पाठची भावंडे ऐकणारी असत, बहिऱ्या जोडप्यालाही अनेकदा ऐकणारी मुले होत, आणि ज्याच्या घरात कोणीच बहिरे नसे त्याची मावशी, चुलता, शेजारी किंवा होडीवरचा सोबती तरी बहिरा असे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरासरी ५,७२८ माणसांमागे एक जन्मतः बहिरा होता. या बेटावर ते प्रमाण १५५ मागे एक, चिलमार्क गावात २५ मागे एक आणि गावाच्या स्क्विबनॉकेट या वाडीत तर चारांमागे एक इतके होते. आकड्यांपेक्षा बहिऱ्या माणसांचे गावभर विखुरलेले असणे महत्त्वाचे आहे. हीच माणसे गावाच्या एका कोपऱ्यात एकवटली असती, तर उरलेल्या गावाला त्यांची भाषा शिकण्याची गरज भासली नसती.

अशा गावात मुलाला भाषा ‘शिकवणे’ हा प्रकारच संभवत नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नोरा एलन ग्रोस या मानवशास्त्रज्ञ विदुषीने बेटावरच्या वृद्धांच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा, खुणा केव्हा आणि कोणाकडून शिकलात, या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे बहुतेकांना जड गेले. इंग्रजी जशी आली तशीच हीही आली, इतकेच त्यांना सांगता येत होते. ज्यांच्या घरी बहिरे माणूस होते त्यांना ती अंगाईबरोबरच मिळाली, आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांना ती शेजारच्या अंगणात, दुकानात किंवा धक्क्यावर मिळाली. निरोप घेऊन जाणाऱ्या पोराला तो बहिऱ्या शेजाऱ्याला सांगता यायलाच हवा, एवढी साधी निकड त्यामागे होती. यात बालभाषेच्या आधुनिक अभ्यासाला नवल वाटण्यासारखे काही नाही. खुणांनी बोलणाऱ्या आईबापांची बहिरी तान्ही मुले, इतर तान्ही जशी ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बोबडे आवाज काढतात तशी, हातांनी बोबडे बोलतात, हे कॅनडातील लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. बालकाची भाषाग्रहणशक्ती कानावर अडून राहत नाही, समोर जी पूर्ण भाषा असेल ती ते उचलते. चिलमार्कमध्ये त्याच्यासमोर दोन पूर्ण भाषा होत्या, आणि त्याने दोन्ही उचलल्या.

या द्वैभाषिकतेचा गावगाड्यातला वापर पाहिला की तिची खोली कळते. मासेमार समुद्रावर एका होडीतून दुसऱ्या होडीतल्या माणसाशी खुणांनी बोलत, कारण वाऱ्याच्या आणि लाटांच्या आवाजात हाक पोहोचत नसे आणि हात मात्र लांबून दिसत. चर्चमधल्या प्रार्थनासभेत बहिरा माणूस उभा राहून हातांनी आपली साक्ष देई आणि सभा ती समजून घेई; गावसभेत कोणीतरी बाजूला उभा राहून चर्चा खुणांत उतरवी, आणि त्यासाठी खास दुभाषा नेमावा लागत नसे. दुकानाच्या ओट्यावर जमलेले पुरुष एखादा चावट किस्सा तोंडाने सुरू करत आणि त्याचा शेवट, बायकामुले जवळ असली तर, हातांनी करत. ऐकणारी पोरे वर्गात मास्तरांची पाठ वळली की खुणांनी गप्पा झोडत. म्हणजे भोवती एकही बहिरा माणूस नसतानाही ही भाषा वापरली जात होती, आणि भाषा जिवंत असल्याची याहून सरस खूण सापडणे कठीण. १८९५ मध्ये बोस्टनच्या एका रविवारच्या वृत्तपत्राने स्क्विबनॉकेटचे वर्णन छापले, त्यातही बोलणे आणि खुणा एकाच संभाषणात किती सहज मिसळत याचे नवल केलेले आहे. नवल वाटले ते बाहेरच्या बातमीदाराला. गावाला त्यात बातमी दिसत नव्हती.

बहिऱ्यांचे गावातले स्थानही यावरून ठरले. ते शेती करत, मासे मारत, गावाच्या कामांत भाग घेत, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी लग्ने केली. त्यांतली पुष्कळ लग्ने ऐकणाऱ्या जोडीदारांशी झाली, जे त्या काळच्या अमेरिकेत इतरत्र क्वचितच घडे. ग्रोस यांना माहिती देणारे वृद्ध एखाद्या शेजाऱ्याबद्दल त्याची शेती, त्याचा स्वभाव, त्याची होडी असे सगळे सांगत, आणि तो बहिरा होता हे विचारल्यावरच त्यांच्या ध्यानी येई. येथे मात्र इतिहासकाराने हात आखडता घेतला पाहिजे. हे चित्र जवळजवळ संपूर्णपणे ऐकणाऱ्यांच्या स्मृतीतून आलेले आहे, कारण अभ्यास सुरू झाला तेव्हा बेटावरचे परंपरेतले बहिरे सगळे निवर्तले होते, आणि आपल्याच गावाच्या चांगुलपणाविषयी म्हाताऱ्या माणसांची साक्ष थोडी झुकती असणे स्वाभाविक आहे. शिवाय ते बहिरे हयात असताना बेटाची ही भाषा कोणी चित्रित केली नाही, तिचा कोश झाला नाही, आणि वृद्धांना आठवलेल्या मोजक्या खुणांपलीकडे तिचे व्याकरण आज कोणालाही सांगता येत नाही. चिलमार्कचे आदर्श गाव म्हणून जे गोडवे गायले जातात ते या मर्यादा लक्षात ठेवूनच ऐकावेत. तरीही जमीन, कर, लग्न आणि वारसा यांच्या गावदप्तरी नोंदींत बहिऱ्यांना वेगळी वागणूक मिळाल्याचे दिसत नाही, आणि हा पुरावा आठवणींपेक्षा कमी भाबडा आहे.

दरम्यान शाळेची कल्पना दुसऱ्या वाटेने अमेरिकेकडे येत होती. पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने १७६० च्या सुमारास दोन बहिऱ्या बहिणींना शिकवता शिकवता बहिऱ्यांची मोफत शाळा उभी केली. त्याचे मोठेपण असे, की शहरातले बहिरे जी भाषा आपसांत बोलत होते ती त्याने आधी स्वतः शिकून घेतली; पुढे तीत फ्रेंच व्याकरणाचे प्रत्यय दाखवणाऱ्या कृत्रिम खुणा घालून त्याने तिला ‘पद्धतशीर खुणा’ असे रूप दिले, ज्यांचे ओझे नंतरच्या शिक्षकांनी हळूहळू उतरवून ठेवले. या शाळेत शिकून तिथेच शिक्षक झालेला लोराँ क्लेर हा बहिरा तरुण आणि कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचा धर्मोपदेशक थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांची गाठ पडली, ती एका लहान मुलीमुळे. हार्टफर्डचे डॉक्टर मेसन कॉग्सवेल यांची मुलगी ॲलिस आजारपणात बहिरी झाली होती, आणि तिच्यासारख्यांसाठी शाळा काढण्याची विद्या मिळवायला गॅलॉडेटला १८१५ मध्ये युरोपात पाठवण्यात आले. ब्रिटनमध्ये बोलायला शिकवण्याची पद्धत ब्रेडवूड घराण्याने व्यापाऱ्याच्या गुपितासारखी जपून ठेवली होती, त्यांच्या अटी गॅलॉडेटला पटल्या नाहीत, आणि तो पॅरिसकडे वळला. १८१६ मध्ये क्लेरला घेऊन तो परत निघाला. बावन्न दिवसांच्या जलप्रवासात क्लेर इंग्रजी शिकला आणि गॅलॉडेट खुणा. अमेरिकेतील बहिऱ्यांच्या शिक्षणाने फ्रेंच वळण घेतले आणि ब्रिटिश घेतले नाही, याला एका घराण्याचा कंजूषपणा बराचसा जबाबदार आहे.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थ्यांत अकरा-बारा वर्षांची ॲलिस होती, तसाच जॉन ब्रूस्टर हा ५१ वर्षांचा नावाजलेला व्यक्तिचित्रकारही होता, आणि एकाच वर्गातला हा वयाचा पल्ला पाहिला की आधीच्या पिढ्यांतली भूक किती साचली होती ते कळते. लवकरच मॅसॅच्युसेट्सने आपल्या बहिऱ्या मुलांचा तिथला खर्च सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली, आणि १८२० च्या दशकात चिलमार्कची मुले हार्टफर्डच्या वसतिगृहात दाखल होऊ लागली. येथे त्या मुलांचे वेगळेपण उघड झाले असणार. न्यू इंग्लंडच्या एकाकी शेतघरांतून येणारी बहुतेक मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत घरच्यांनी जुळवलेल्या दहावीस खुणांवर वाढलेली असत, म्हणजे व्यवहारतः भाषेवाचून वाढलेली असत. चिलमार्कची मुले मात्र संपूर्ण भाषा घेऊन शाळेच्या दारात उभी राहत, आणि त्यांना तिथे फक्त वाचन, लेखन, गणित आणि आणखी एक सांकेतिक भाषा शिकायची उरे. आज अमेरिकी सांकेतिक भाषा म्हणून जी ओळखली जाते तिच्यात क्लेरच्या फ्रेंच खुणांबरोबर चिलमार्क, न्यू हॅम्पशरमधील हेनिकर आणि मेन राज्यातील सँडी रिव्हर या वस्त्यांतून आलेल्या मुलांच्या खुणाही मिसळल्या, असे इतिहासकार मानतात. वर्गात शिक्षक शिकवत, पण भाषा घडली ती वसतिगृहाच्या खोल्यांत आणि आवारात.

हार्टफर्डने बेटाला दिले ते थोडे नव्हते. शाळेतून परतलेली बहिरी माणसे पुष्कळदा आपल्या ऐकणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त शिकलेली असत, आणि एखादा कागद किंवा वर्तमानपत्रातला मजकूर समजून घ्यायला शेजारी त्यांच्याकडे येत. बहिऱ्याने ऐकणाऱ्याला वाचून दाखवावे अशी ही उलटापालट अन्यत्र क्वचितच सापडेल. परंतु त्याच शाळेने चिलमार्कच्या व्यवस्थेचा पायाही सैल केला. वसतिगृहात मुलांना राज्याराज्यांतले समवयस्क बहिरे मित्र भेटले, मैत्रीतून लग्ने जुळली, आणि काही जोडपी बेटाबाहेर स्थायिक झाली. हेनिकरच्या बहिऱ्या वस्तीतला कर्ता पुरुष थॉमस ब्राउन याने चिलमार्कच्या मेरी स्मिथ हिच्याशी लग्न केले, हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. बाहेरच्या जोडीदाराचे बहिरेपण बहुधा वेगळ्या जनुकामुळे किंवा लहानपणीच्या तापामुळे आलेले असे, त्यामुळे अशा जोडप्यांची मुले ऐकणारी निघत. पुढे मुख्य भूमीशी दळणवळण वाढले, उन्हाळी पाहुणे येऊ लागले, ऐकणाऱ्यांचीही लग्ने बाहेर होऊ लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर बहिरी मुले जन्मणे जवळजवळ थांबले. बहिरी मुले थांबली तशी ऐकणाऱ्या मुलांना खुणा शिकण्याची निकडही संपली. कोणी बंदी घातली नाही, कोणी हिणवले नाही. भाषा नुसती अनावश्यक झाली.

बंदी आणि हिणवणे यांचा अध्याय इतरत्र लिहिला जात होता. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी बहुतेक इटालियन आणि फ्रेंच होते, बहिरा म्हणावा असा एकच होता, आणि खुणांपेक्षा उच्चारित भाषा श्रेष्ठ असल्याने तिच्याच माध्यमातून शिक्षण द्यावे असा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. या मौखिक पद्धतीत मुलाला समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखायला, म्हणजे ओष्ठवाचन करायला, आणि स्वतःला ऐकू न येणारा आवाज काढायला शिकवले जाई. खुणा केल्याबद्दल शिक्षा करण्याची आणि हात बांधून किंवा दाबून ठेवायला लावण्याची चाल अनेक शाळांत पडली. बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, कारण जो स्वतः ऐकू शकत नाही तो उच्चार काय शिकवणार, असा तर्क होता. अमेरिकेत १९१९ पर्यंत पाचपैकी सुमारे चार बहिऱ्या विद्यार्थ्यांचे शिक्षण खुणांवाचून होऊ लागले. या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हर येथील अधिवेशनाने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, म्हणजे १३० वर्षांनी.

मौखिक पद्धतीचा अमेरिकेतला सर्वांत वजनदार पुरस्कर्ता, दूरध्वनीचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल, याचा चिलमार्कशी आलेला संबंध इतिहासाच्या खोडसाळपणाचा नमुना म्हणावा असा आहे. बेलची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या, आणि बहिरेपण कसे वारशाने येते याचा छडा लावण्यासाठी त्याने १८८० च्या दशकात बेटावरच्या वंशावळी खणून काढल्या. ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी एक मूल बहिरे आणि चार ऐकणारी का निघतात हे कोडे त्याला सुटले नाही, कारण मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या ज्या नियमांनी ते सुटते ते १९०० पर्यंत विस्मृतीत पडले होते. १८८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या प्रबंधात त्याने बहिऱ्यांची एक स्वतंत्र जात निर्माण होईल अशी भीती घातली, आणि ती टाळायला बहिऱ्यांच्या लग्नांवर कायद्याने बंदी घालणे व्यवहार्य नसले तरी वसतिगृहाच्या शाळा, सांकेतिक भाषा आणि बहिरे शिक्षक यांना फाटा द्यावा असे सुचवले. बहिऱ्या मुलांना ऐकणाऱ्यांच्या सहवासात वाढवावे, ही त्याची मूळ इच्छा वाईट नव्हती. ती इच्छा चिलमार्कमध्ये दीडशेहून अधिक वर्षे प्रत्यक्षात उतरलेली होती. पण तिथे सहवासाचा पूल ऐकणाऱ्या मुलांच्या हातांनी बांधला होता, आणि बेलने तो सगळा भार बहिऱ्या मुलाच्या डोळ्यांवर आणि घशावर टाकला. वंशावळी चाळताना त्याला गावातले रक्ताचे धागे दिसले, पण त्या धाग्यांवर उभी असलेली भाषा शिक्षणाचे साधन म्हणून दिसली नाही.

या भाषिक परंपरेत जन्मलेली बेटावरची शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ मध्ये वारली. ग्रोस यांचा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वाचून बेटावर गेलेल्या ऑलिव्हर सॅक्स या मज्जाविकारतज्ज्ञ लेखकाला, ऐकू येणारी म्हातारी माणसे बोलता बोलता मध्येच खुणांवर घसरताना दिसली. ज्यांच्याशी खुणांनी बोलायचे ती माणसे जाऊन तीस-पस्तीस वर्षे लोटली होती, तरी हातांची सवय गेली नव्हती.

चिलमार्क हा अपवाद होता, पण एकमेव नव्हता. बालीमधील बेंगकाला, घानातील ॲडामोरोबे, इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील अल्-सय्यिद ही बेदुईन वस्ती आणि कर्नाटकातील गौरीबिदनूर तालुक्यातील अलीपूर येथेही आनुवंशिक बहिरेपणामुळे बहिऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या सामायिक वापरातल्या ग्रामभाषा निर्माण झाल्या. आजूबाजूच्या प्रदेशातील मोठ्या, शाळेत रुजलेल्या सांकेतिक भाषेचा रेटा यातल्या बहुतेक ठिकाणी जाणवू लागला आहे.

भारतात कर्णबधिरांच्या शाळा सुरू झाल्या त्या मिलानच्या ठरावानंतर लगेचच, आणि या कालयोगाचे परिणाम महाराष्ट्राला दीर्घकाळ भोगावे लागले. देशातील पहिली शाळा बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रेरणेने १८८५ च्या सुमारास मुंबईत निघाली, कोलकात्याची शाळा १८९३ मध्ये आली, आणि मौखिक पद्धतीचे वारे तेव्हा युरोपात जोरात होते, तेच इथल्या शिक्षणाच्या शिडात भरले. दक्षिणेत पाळयमकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी १८९७ मध्ये काढलेल्या शाळेत खुणांना स्थान होते, पण तो मुख्य प्रवाह ठरला नाही. तरीही मुलांनी आपली भाषा घडवलीच. १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर येथील कर्णबधिरांच्या खुणा तपासल्या तेव्हा त्यांच्यात शब्दांचे आणि विशेषतः व्याकरणाचे इतके साम्य आढळले, की त्यांना एकाच भारतीय सांकेतिक भाषेच्या बोली मानावे लागले. जी भाषा कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती, आणि वर्गात जिच्याबद्दल दटावले जात होते, ती मधल्या सुट्टीत, वसतिगृहात आणि कर्णबधिरांच्या मंडळांत थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे जात राहिली. हार्टफर्डच्या आवारात जे घडले तेच येथे घडले; फरक इतकाच की हार्टफर्डच्या शिक्षकांनी सुरुवातीला तिकडे कौतुकाने पाहिले होते.

बहिऱ्या मुलांपैकी दहात नऊहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, म्हणून घर बदलले नाही तर शाळा कितीही चांगली असली तरी भाषा मुलापर्यंत उशिराच पोहोचते, हे स्वीडनने वेळेवर ओळखले. तेथील संसदेने १९८१ मध्ये सांकेतिक भाषेला मान्यता दिली, पुढे शाळांचा अभ्यासक्रम द्विभाषिक केला, आणि पालकांना ही भाषा सरकारी खर्चाने शिकण्याची सोय केली. गॅलॉडेटनेही आयुष्याच्या उत्तरार्धात, १८४० च्या दशकाच्या अखेरीस, खुणांचा उपयोग ऐकणाऱ्या मुलांच्या शिक्षणातही व्हावा असे सुचवले होते. त्या सूचनेकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. हल्ली ऐकणाऱ्या तान्ह्यांना दूध, आणखी, झाले अशा काही खुणा शिकवण्याची हौस सुखवस्तू घरांत पसरली आहे. तिचा त्या बाळांना तोटा नाही. पण ज्या भाषेतून हे दहावीस शब्द उसने घेतले तिचे बोलणारे मूल शेजारच्या इमारतीत एकटे बसलेले असते, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत कागदावर तरी पुष्कळ घडले. वांद्रे येथील, १९८३ पासून चालत आलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या भाषेचे आणि दुभाषांचे अभ्यासक्रम आधीच सुरू झाले होते. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश निघाला आणि २०२१ च्या आवृत्तीत तो दहा हजारांवर गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे ठरवले. अर्थात धोरणातले ते वाक्य श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांच्या वापरापुरतेच बोलते, वर्गातल्या इतर मुलांविषयी नाही. २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर भाषाविषय म्हणून भारतीय सांकेतिक भाषा निवडण्याची सोय केली, आणि ही निवड कोणाही विद्यार्थ्याला, ऐकणाऱ्यालाही, करता येते. माध्यमिक स्तर म्हणजे वयाचे चौदावे-पंधरावे वर्ष. चिलमार्कच्या मासेमाराचे ऐकू येणारे पोर त्या वयाला पोहोचेपर्यंत दहा-बारा वर्षे खुणांनी बोलत आलेले असे.